गच्चीवरचे अर्क

शिमगा सरला की आमच्या गच्चीवर वास सुटतो. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन दोन-तीन दिवस पाण्यात एकत्र बसली की जे काही होतं, त्याचा. काल गादीला ऊन दाखवायला वर गेलो तर जिन्याच्या शेवटच्या वळणावरच तो नाकात शिरला. म्हणजे यंदाही सुरू झालं तर. निळं पिंप, पिंपावर गोणपाट, गोणपाटावर वीट आणि शेजारी डोक्याला रुमाल बांधून खानविलकर.

मला या मंडळींचा तिटकारा आहे. आधीच सांगून टाकतो, मागाहून कुणी म्हणायला नको की लपवलं.

मंडळी म्हणजे आमच्या बोळिंजच्या इमारतीतली गच्चीबागवाली सात-आठ घरं. जन्म चाळीत, आयुष्य ऑफिसात आणि निवृत्तीच्या आसपास कधीतरी यांना अचानक माती दिसते. मग ही माणसं मातीला हात लावण्याआधी तिला नमस्कार करतात. कुंडीत पालकाची चार पानं आली की त्यांचा फोटो ग्रुपवर, त्याखाली सतरा जोडलेले हात. विषमुक्त अन्न म्हणे! ती चार पानं आमटीत पडली तर चमच्याने शोधावी लागतात. उरलेली आमटी नेहमीच्याच भाजीवाल्याकडची, पण ते कुणी बोलायचं नाही.

खानविलकर यांचे पुढारी. बँकेतून निवृत्त झालेले, कोकणातले. पण कोकणात जाणं गणपतीपुरतं. सगळं मोजून करायची सवय अंगात मुरलेली. पहिल्या वर्षी पिंपातलं ते जीवामृत करायचं ठरलं तेव्हा शेण कुठून आणायचं यावर दोन रविवार गेले. शेवटी एका ताईंनी फोनवरून मागवलं. आलं ते खोक्यातून, पारदर्शक कागदात गुंडाळलेलं, होमासाठी वापरतात तसल्या वाळक्या गोवऱ्या, सोबत कापराच्या वड्या फुकट. त्या गोवऱ्या यांनी रात्रभर भिजत घातल्या, साबुदाणा भिजत घालावा तशा. शिवाय कृतीत लिहिलं होतं, एक मूठ बांधावरची माती घ्या. खानविलकर मला जिन्यात गाठून अगदी गंभीरपणे विचारते झाले, "बांध इकडे कुठे मिळेल हो?" बोळिंजला कंपाउंडच्या भिंती हव्या तेवढ्या मिळतील. बांध कुठला?

आणि जिवाणू! या मंडळींना जिवाणूंचं केवढं कौतुक. एका चमच्यात इतके, एका थेंबात तितके. लाकडी काठीने, घड्याळाच्या दिशेने, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, कारण उलटं ढवळलं तर जिवाणू दुखावतात की काय कोण जाणे. एकदा पिंप भरलं त्याच दिवशी सोसायटीने टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली होती. नळाला उग्र वास येत होता. हे मला माहीत होतं. मी काही बोललो नाही. आठवडाभर ती माणसं मेलेल्या पाण्याला ढवळत बसली आणि रविवारी ते वाटून घेऊन गेली. पुढच्या रविवारी सगळ्यांनी सांगितलं, झाडं कशी तरारली.

दशपर्णी अर्काची तर वेगळीच गंमत. दहा झाडांचा पाला लागतो. कडुनिंब, सीताफळ, करंज, पपई, रुई, एरंड अशी नऊ पानं कशीबशी जमली. दहाव्यासाठी वाद. निर्गुडी की कण्हेर? दोन्ही कुणी पाहिलेली नव्हती. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आपल्या हॉलमधल्या मनीप्लँटची पानं आणून दिली. "दहा झाली ना?" त्या म्हणाल्या. झाली. संख्या भरली की या लोकांचं समाधान होतं.

मी मात्र शेतकऱ्याचा मुलगा. साताऱ्याकडचा. हे वाक्य मी त्या गच्चीवर किती वेळा उच्चारलं असेल याची आता लाज वाटते, पण तेव्हा मजा यायची. "आमच्याकडे शेतात..." एवढं म्हटलं की मंडळी गप्प होत, खानविलकर डायरी उघडत. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी लिहून घेतलं असतं. आमच्या तीन एकरांत वडील युरिया फेकायचे, तोही खुशीने, हे मी कधी सांगितलं नाही. बारावीनंतर मी जो मुंबईला आलो तो आलोच. त्याआधीचं माझं शेतातलं काम म्हणजे वडिलांची भाकरी पोचवणं आणि विहिरीच्या मोटरपाशी सावलीला बसून राहणं. एवढ्या भांडवलावर मी बोळिंजमध्ये जाणकार झालो होतो.

मागच्या वर्षीचा उन्हाळा या सगळ्यात वेगळा गेला, आणि तो मला काही केल्या विसरता येत नाही.

गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या सावलीला लागून, अर्धं कापलेलं एक मोठं पिंप होतं. त्यात केळ. चौथ्या मजल्यावरच्या मथुराबाईंची. त्या उमेळ्याच्या. सासरची वाडी होती तिथे, मागे खाडीकडे भाताची शेतं. मुलाने वाडी बिल्डरला दिली आणि आईला घेऊन इकडे आला. झाडं तोडायला माणसं येणार त्याच्या आदल्या दिवशी मथुराबाईंनी स्वतः कुदळ घेऊन एका केळीचा मुनवा, म्हणजे बुडाशी फुटलेलं पिल्लू, काढला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रिक्षाने आल्या. साधी केळ नव्हती ती. राजेळी. जिची पिकली केळी सोलून उन्हात वाळवतात, सुकेळी करतात. मधासारख्या रंगाची, चिवट, गोड. मी ती आयुष्यात एकदाच खाल्ली होती आणि मला वाटलं होतं खजूर आहे.

मथुराबाई सत्तरीच्या पुढच्या. गच्चीबाग मंडळींच्या सभांना कधी बसायच्या नाहीत. संध्याकाळी वर येत, उलट्या बादलीवर बसत आणि त्या केळीकडे बघत राहत. काही करत नसत. वाळलं पान दिसलं तर हाताने ओढून तिच्याच बुडाशी टाकत, एवढंच. त्यांची केळ दोन वर्षांत माझ्या डोक्याच्या वर गेली. खानविलकरांच्या कुंड्यांमध्ये इतके अर्क जिरूनही मिरच्या करंगळीएवढ्याच होत्या.

फाल्गुनाच्या शेवटी एका संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "बघा, आखूड पान आलं. आता निसवनार."

केळ निसवायच्या, म्हणजे घड टाकायच्या आधी शेवटचं पान आखूड येतं. हे मला माहीत नव्हतं. मी "हो, हो" म्हटलं.

"घड निघाला की सुकेळी करनार. सासूबाईंनी शिकवलेली. मांडव घालायला जागा नाय, पन ही गच्ची हाय की. माझ्या नातीला ठाऊकच नाय ती चव. आनि ही मेली तं संपलंच. उमेळ्यात आता कोनाकडे राजेळी ऱ्हायली असंल, मला नाय वाटत."

त्यांना अकरा दिवस लेकीकडे डहाणूला जायचं होतं, नातीच्या साखरपुड्यासाठी. केळीवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं. त्यांनी मला विचारलं. खानविलकरांना नाही, मला. "तुमी शेतीवाले. तुमाला समजतं," असं म्हणाल्या. मी कठड्यावरून उठून उभा राहिलो, इतका मी फुललो होतो.

आता केळीला रोज एक बादली पाणी घातलं असतं तर काम झालं असतं. त्यांनी सांगितलंही तेवढंच. पण नुसतं पाणी घालायला शेतकऱ्याचा मुलगा कशाला हवा? माझा अर्क तयार होता. माशाचा.

माशाचे तुकडे आणि गूळ सारखे घ्यायचे, हवाबंद ठेवायचे, महिन्याभराने जे पाझरतं ते पुष्कळ पाण्यात चमचाभर मिसळून झाडाला द्यायचं. ही कृती खानविलकरांनीच सभेत वाचून दाखवली होती. करायचं धाडस एकाचंही नव्हतं, कारण अर्धे शाकाहारी आणि उरलेल्यांच्या घरात वास चालणार नव्हता. मी मनात म्हटलं, बघा आता. आमच्या घरी मटण होतं, मासा नाही. घाटावरच्या माणसाला सुरमई आणि पापलेट यांतला फरकही सांगता येत नाही. तरीही महिन्याभरापूर्वीच मी पिशवी घेऊन अर्नाळ्याला गेलो होतो.

दुपारची वेळ. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते. एका छपराखाली एक बाई मोठ्या टोपल्यातून माशांचे तुकडे वेगळे करत बसली होती, बाजूला डोक्यांचा ढीग. मी विचारलं, झाडासाठी हवंय, देता का?

तिने वर बघितलं. "ही खारवलेली हायत, दादा. मिठातली. झाडाला नको. उद्या सकाळी बंदरावर या, ताजी देते."

इतकं स्पष्ट. यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार? आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी हसलो. "मावशी, समुद्रातलं सगळं खारंच असणार. धुऊन घेईन मी." मनात म्हटलं, आता ही मला शेती शिकवणार. उद्या सकाळी परत कोण येणार? तिने खांदे उडवले आणि पिशवी भरून दिली. पैसे घेतले नाहीत. घरी येऊन मी ते धुतलेही नाहीत, कारण त्या वासाजवळ दोन मिनिटंही थांबवत नव्हतं. कॅनमध्ये कोंबलं, गूळ घातला, झाकण लावलं. बायकोने बाल्कनीचं दार महिनाभर उघडलं नाही.

खानविलकरांच्या पिंपात बुडबुडे यायचे, फेस यायचा. माझ्या कॅनमध्ये काहीच नाही. एक बुडबुडा नाही. मी याचा अर्थ काय लावावा? की माझा अर्क मुरलेला आहे, शांत आहे, यांच्यासारखा उथळ फसफसत नाही.

मथुराबाई गेल्या त्याच संध्याकाळी मी कॅन वर नेला. चमचे-बिमचे खानविलकरांसाठी. मी तांब्याने ओतलं. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. ऊन रणरणत होतं, केळ पीत होती. पिऊ दे, म्हटलं. येतील तेव्हा केळफुलाचा कोका लोंबताना दिसेल, आणि ही सगळी मंडळी भोवती उभी असतील.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी दिसल्या. मी म्हटलं, ऊन. पाचव्या दिवशी कडा आत सरकल्या, ते आखूड पान मधूनच वळलं, आणि बुडाशी जो एक छोटा मुनवा होता त्याची सुरळी सुकलेली. मी मातीवर वाकलो. वर पांढुरका थर आला होता. आणि त्या उन्हात, वाकलेल्या अवस्थेत, मला अर्नाळ्याची ती बाई ऐकू आली. मिठातली. झाडाला नको.

तरी त्या क्षणी हातात वेळ होता. पाणी सोडलं असतं, पिंपाच्या तळाची भोकं मोकळी करून आठ-दहा बादल्या वरून ओतल्या असत्या, तर बरंच मीठ धुऊन गेलं असतं. हे कळायला जाणकार असावं लागत नाही. पण टँकरच्या दिवसांत दहा बादल्या गच्चीवर ओतायच्या म्हणजे वॉचमन विचारणार. खानविलकर विचारणार, का हो, काय झालं? आणि मग मला ते सांगावं लागलं असतं. मी खाली आलो आणि हात धुतले.

सातव्या दिवशी ग्रुपवर खानविलकरांचा निरोप आला. "मथुराबाईंची केळ करपत आहे. रविवारी मी त्यांच्या पिंपात एक मग जीवामृत घातलं होतं. प्रमाण चुकलं असेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं." जाणकार म्हणजे मी. सगळे थांबले होते.

मी लिहिलं, "शक्यता आहे."

दोन शब्द. त्याखाली कुणीतरी डोळ्यात पाणी असलेला चेहरा टाकला. त्या रात्री खानविलकरांनी आपलं पिंप गटारात रिकामं केलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मथुराबाई अकराव्या दिवशी आल्या. प्रवासाची साडी न बदलता सरळ वर आल्या. मी आणि खानविलकर तिथे होतो. केळ उभी होती, पण तिच्यात काही राहिलं नव्हतं; पानं खाली लोंबत होती, खोड हाताने दाबलं तर आत जायचं. खानविलकर पुढे झाले आणि त्यांनी हात जोडले. पासष्ट वर्षांचा माणूस. "माझ्या हातून झालं हे. मला कळत नाही त्यातलं, उगाच घालायला गेलो. मला माफ करा." मथुराबाईंनी खानविलकरांच्या दंडावर हात ठेवला, आणि ते डोळे पुसत खाली गेले.

मग त्या पिंपाजवळ बसल्या. चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

त्यांच्याकडे ही रीत होती, हे मला नंतर समजलं. खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं की घरातलं मोठं माणूस रोज शेतात जाऊन माती चाखायचं. पावसाने धुवून निघाली, जिभेला गोडी लागली की मगच भाताची आवणी, म्हणजे लावणी. त्यांनी सासऱ्यांना चाखताना बघितलं होतं, सासरे गेल्यावर स्वतः चाखली होती.

त्यांनी माती थुंकली. "मीठ."

त्यांनी बोटं पदराला पुसली.

"शेनात मीठ नसतं." माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "तुमी काय घातलं?"

"माशाचा अर्क."

"खारवलेल्याचा?"

"हो."

"कधी कळलं तुमाला?"

मी खोटं बोलणार होतो. जमलं नाही. "पाचव्या दिवशी."

"आज अकरावा," त्या म्हणाल्या. बुडाशी सुकलेल्या मुनव्याला हात लावत म्हणाल्या, "पाचव्या दिवशी पानी सोडलं असतं तं मुनवा तरी ऱ्हायला असता." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. उठताना एवढंच म्हणाल्या, "खानविलकरांना तुमी सांगा. मी नाय सांगनार."

त्यांनी केळ स्वतःच उपटली. कंद कापून बघितला, आतून काळा होता.

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं. त्या वर्षभरात खानविलकर काय करत होते? मथुराबाईंची भाजीची पिशवी चौथ्या मजल्यावर पोचवत होते. त्यांच्या बँकेच्या कागदांची झेरॉक्स काढून आणत होते. त्यांच्यासाठी आगाशी, नाळा, उमेळे अशी गावं स्कूटरवरून फिरून राजेळीचा मुनवा शोधत होते. सापडला नाही. यंदा पुन्हा पिंप भरलं तेही मंडळींनी फार आग्रह केला म्हणून, आणि मथुराबाईंनी केळीनंतर लावलेल्या मिरचीच्या कुंडीत ते त्यातला थेंब टाकत नाहीत. नुसतं साधं पाणी घालतात, तेही त्यांना विचारून. मला हे सगळं दिसत होतं. आणि तरी काल जिन्यात तो वास आला तेव्हा मी नाक मुरडलंच. हा तिटकारा किती टिकाऊ असतो! मनीप्लँटचं दहावं पान मला आजही हास्यास्पद वाटतं. पण त्या पानाने काही मेलं नाही. त्या गच्चीवर काही मारलं असेल तर ते एकट्या जाणकाराने, आणि तेही चूक म्हणून नाही. चूक पाच दिवसांची होती. पुढचं सगळं मी समजून-उमजून केलं. माझ्याइतका हिणकस माणूस त्या सात-आठ घरांत दुसरा नाही.

आज सकाळी मथुराबाई आमच्या दारात आल्या. पुन्हा डहाणूला निघाल्या होत्या, नातीच्या लग्नाला. बायकोकडे घराची किल्ली दिली. बायको म्हणाली, "झाडांची काळजी करू नका, हे आहेत की." तिला अजून काही ठाऊक नाही.

"नको," मथुराबाई म्हणाल्या. "खानविलकरांना सांगितलंय." मग दारातूनच आत, माझ्याकडे बघून विचारलं, "सांगितलं का त्यांना?"

"काय सांगायचंय?" बायकोने विचारलं.

मी पेपर खाली ठेवला आणि वर गेलो. खानविलकर मथुराबाईंच्या मिरचीला पाणी घालत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. अर्नाळ्याची बाई, मीठ, पाचवा दिवस, ग्रुपवरचे दोन शब्द. सांगून झालं तेव्हा त्यांनी हातातला रिकामा मग मिरचीच्या कुंडीशेजारी ठेवला.

"मी त्यांच्यापुढे हात जोडले," ते म्हणाले, "तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात."

"हो," मी म्हटलं.